आक्का निळीत बसल्या त्याची गोष्ट

"त्या परदेशी गाडीत मी ज्या दिवशी बसेन ना, त्या दिवशी माझी तांबडी खुशाल विकून टाक! टायर मी स्वतः धुऊन देईन!"

आक्का हे रोपवाटिकेच्या फाटकात उभ्या राहून बोलल्या, आणि अशा आवाजात बोलल्या की रस्त्यापलीकडून चाललेला एक सायकलवाला खाली उतरला आणि म्हणाला, "मला काही म्हणालात का?"

"तुला नाही रे बाबा, तू जा! पण ऐकलंस ना? मग साक्षीला राहा!"

तांबडी म्हणजे आक्कांची पिकअप. वय बावीस वर्षं. रंग एके काळी लाल, आता जिथे जेवढा टिकला तेवढा. आपल्याच देशात, आपल्याच माणसांनी ठोकून-ठाकून बनवलेली, आणि पुढे आयुष्यभर ठोकण्यावरच चाललेली. दार उघडायचं-लावायचं तर आधी वर उचलायचं आणि मग गुडघ्याने ठोकायचं. काच खाली करायची तर पान्याने ठोकायचं. आणि सुरू करायची असेल तर क्लच दाबून डॅशबोर्डावर दोन चापट्या मारायच्या, आधी हलकी, मग जोराची. क्रम चुकला तर नुसता हॉर्न वाजायचा, इंजिन ढिम्म!

"ही गाडी आहे का म्हैस?" मुलगा वैतागून म्हणायचा.

"म्हैस तर म्हैस! हात ओळखते माणसाचा. तुझ्या त्या परदेशी गाडीला विचार जा, तिचा मालक कोण ते!"

मुलाचंही अगदीच चुकत होतं असं नाही, पण हे आक्कांना सांगायला कुणाची छाती होती? मागच्याच आठवड्यात तांबडीतून टोमॅटोची दोनशे रोपं पाठवली, तर पोचेपर्यंत निम्मी ट्रेमधून उतरून हौद्यात हिंडत होती. एका गिऱ्हाइकाने तर फोन करून विचारलं, "कुंडी मिळाली. झाड मागून येतंय का?" तेव्हापासून मुलगा परदेशी पिकअपची चकचकीत पुस्तिका उशाला घेऊन झोपायचा. जेवताना पण शेजारी ठेवायचा. सून म्हणायची, लग्नातल्या फोटोंकडे कधी इतक्या प्रेमाने बघितलं नाही यांनी!

पण तांबडीत आक्कांचा जीव होता, आणि त्याला कारण होतं. तांबडी येईपर्यंत त्या घरात आक्कांच्या नावाचं काय होतं? औषधांच्या चिठ्ठ्या! बाकी जमीन सासऱ्यांच्या नावावर, लाइटचं बिल नवऱ्याच्या नावावर, फोन दिराच्या नावावर. शाळा दुसरीत सुटली, त्यामुळे सर्टिफिकेटसुद्धा नाही. तांबडीच्या कागदावर मात्र आक्कांचं पूर्ण नाव छापून आलं, आडनावासकट. तो कागद त्यांनी अक्षर अक्षर लावत तीनदा वाचला आणि शेजारणीला नेऊन चौथ्यांदा वाचायला लावला. असली गाडी कुणी विकतं होय?

"आई, नुसतं बोलू नकोस," मुलगा म्हणाला. "लिहून दे."

"आण पेन!"

सुनेने लिहिलं, 'परदेशी पिकअपमध्ये बसेन त्या दिवशी तांबडी विकायला माझी हरकत नाही.' खाली आक्कांनी जीभ दातांत धरून सही केली. सही कसली, नांगरटच ती! कागद पार पलीकडे उमटला. सुनेने तो फ्रिजवर चुंबकाने लावला. आक्का जाता-येता त्याच्याकडे बघायच्या आणि नाकपुड्या फुगवायच्या.

आता विहीणबाई. आक्कांच्या लेकीची सासू. फरशीचं दुकान, तोंडात साखर, आणि तीन महिन्यांपूर्वी घेतलेली निळीशार परदेशी पिकअप, पुढे दोघं आणि मागे तिघं बसतील अशी. एरवी दोघींचं इतकं जमायचं की लेक म्हणायची, माझ्याशिवायच चाललंय तुमचं! पण विषय गाडीचा निघाला की दोघी कंबर कसून उभ्या. त्या रविवारी विहीणबाई फाटकातून आत शिरल्या त्याच मुळी बोलत.

"आक्का, निळीत पाण्याने भरलेला पेला ठेवला ना, तर इथपर्यंत थेंब सांडत नाही!"

"पेला ठेवायला गाडी कशाला लागते? आम्ही टेबलावर ठेवतो!"

"मागचं बघायला कॅमेरा आहे तिला."

"आम्ही मान वळवतो!"

"आणि बिघडतच नाही हो. तीन महिन्यांत एकदा नाही!"

"म्हणून तर तुम्हाला कुणी विचारत नाही! आमची बिघडली की मिस्त्री येतो, चार माणसं जमतात, चहा होतो, कुणाचं काय चाललंय ते कळतं. मिस्त्रीची तीन मुलं आमच्या तांबडीने शिकवली!"

"सुटा भाग लागला तर?"

"आमचा मिस्त्रीच्या खिशात असतो. तुमचा बोटीत बसून येणार, वाटेत चार बंदरं बघत!"

विहीणबाई पोट धरून हसल्या. त्यांना त्या दिवशी पामच्या आठ उंच कुंड्या हव्या होत्या. गावाबाहेरच्या मैदानावर परदेशी पिकअपच्या मालकांचा मेळावा होता आणि सजावटीचं काम विहीणबाईंनी आपण होऊन अंगावर घेतलं होतं. मुलगा आणि सून त्यांना चहाला घरात घेऊन गेले.

आक्का गेल्या नाहीत. आक्कांना निळीचा गंज शोधायचा होता.

त्यांनी चष्मा लावला आणि वाकून खालून बघितलं. गंज नाही. चाकाच्या मागे बोट फिरवलं. बोट स्वच्छ! "मेलीला अंघोळ घालतात की काय!" मग मागचं दार उघडलं, नुसता आतला वास बघायला. दार उघडलं कसं, तर दोन बोटांनी. आक्कांनी सवयीने गुडघा वर केला होता, तो तसाच राहिला.

मग सीटवर हात ठेवला. हात ठेवणं म्हणजे काही बसणं नव्हे. हात हळूच आत गेला, जसा मळलेल्या कणकेत जातो तसा. मग एक गुडघा टेकवला. गुडघा टेकणं म्हणजे तरी कुठे बसणं? आणि नेमका तेव्हाच घरातून आवाज आला, "चला, कुंड्या चढवू!"

आता आली का पंचाईत! एक पाय आत, एक पाय बाहेर, आणि दारातून तिघं येताहेत! बाहेर पडावं तर समोरच मुलगा. आक्कांनी दुसरा पायही आत ओढला, दार हलकेच लावून घेतलं आणि मागच्या सीटवर सपशेल आडव्या झाल्या. फरशा गुंडाळायची जुनी दुलई तिथे होती, ती डोक्यावरून ओढली. मनाशी सगळं स्वच्छ होतं: कागदावर लिहिलंय 'बसेन'. मी बसलेय कुठे? आडवी आहे!

बाहेर कुंड्या चढल्या. "आई कुठे गेली?" मुलाने विचारलं.

"असतील मागे खताच्या ढिगापाशी, कुणाला तरी झापत," सून म्हणाली.

दुलईखाली आक्कांनी दात-ओठ खाल्ले. ही तिघं जरा मागे वळली की उतरायचं, असा बेत होता. पण ती सीट! मानेखाली मान मावेल एवढी, कमरेखाली कंबर मावेल एवढी जागा. आक्का पहाटे साडेचारच्या उठलेल्या. दोन मिनिटं डोळे मिटते, त्या मनाशी म्हणाल्या.

जागं केलं ते लाउडस्पीकरने. "मंडळी, आपापल्या गाड्या रांगेत लावून घ्या!"

आक्कांनी दुलईतून एक डोळा बाहेर काढला. काचेबाहेर रोपवाटिका नव्हती. मैदान होतं! आणि मैदानभर परदेशी पिकअप, काळ्या, पांढऱ्या, करड्या, तीस-चाळीस तरी! गाडी सुरू कधी झाली, चालली कधी, थांबली कधी, काही म्हणता काही कळलं नव्हतं. तांबडीत असत्या तर पहिल्याच खड्ड्याला छताला चिकटल्या असत्या. "मेली खरंच कळू देत नाही की!" त्या पुटपुटल्या, आणि आपण हे मोठ्याने बोललो म्हणून स्वतःवरच चिडल्या.

विहीणबाई उतरून, गाडीला कुलूप लावून मांडवाकडे गेल्या होत्या. आक्का उठल्या आणि दाराची कडी ओढली. दार उघडेना. आणखी जोरात ओढली, तर गाडीने असा गळा काढला की सांगता सोय नाही! ट्यांव ट्यांव ट्यांव! सगळे दिवे उघडझाप करायला लागले. आक्कांनी घाबरून डॅशबोर्डाकडे हात नेला आणि पुढच्या सीटवरून वाकून दोन चापट्या मारल्या, एक हलकी, एक जोराची. गाडी दुप्पट ओरडायला लागली.

"चोर! चोर!" रखवालदार काठी घेऊन धावला. त्याच्या मागे गाडीच्या कंपनीचा माइकवाला धावला. त्याच्या मागे अख्खं मैदान. दुलई खांद्यावर, केस उभे, चष्मा एका कानाला, असं ध्यान काचेतून बघून रखवालदार म्हणाला, "बाई आहे! बाहेर या! गाडी कुणाची आहे ही?"

आक्का जन्मात कुणाच्या झाडाचं पान न विचारता तोडलेली बाई नाही. चोर म्हणून त्यांच्याकडे बघतंय कोण, तर परदेशी गाडीवाले! डोकं फिरलं आणि तोंडातून निघून गेलं, "कुणाची म्हणजे? माझी आहे!"

गर्दीतून वाट काढत विहीणबाई पोचल्या त्या नेमक्या या वाक्याला. त्यांचा आ वासला. मग त्यांनी आक्कांकडे बघितलं. आक्कांनी त्यांच्याकडे बघितलं. त्या एका बघण्यात लेकीची शपथ होती, नातवाची शपथ होती, आणि पुढच्या दहा वर्षांच्या फुकट कुंड्या होत्या.

"हो हो, त्यांचीच!" विहीणबाई किल्ली काढत गोड आवाजात म्हणाल्या. "मी साधी ड्रायव्हर!"

माइकवाल्याचा चेहरा फुलला. "मंडळी! मेळावा सुरू झाला तरी या ताई आपल्या गाडीतून उतरायला तयार नाहीत! याला म्हणतात निष्ठा! टोपी आणा!"

कंपनीची निळी टोपी आक्कांच्या डोक्यावर बसली. "या ताई, स्टिअरिंगपाशी बसा, दोन शब्द बोला!"

"नको हो, मी उभीच बरी."

"मालकीणबाई लाजतात!" विहीणबाई म्हणाल्या आणि कानाशी पुटपुटल्या, "बसा गुपचूप. तो रखवालदार अजून काठी खाली ठेवत नाहीये."

आक्का बसल्या. आता मात्र पक्क्या बसल्या, पुढच्या सीटवर, स्टिअरिंग हातात, माइक तोंडाशी. पण मनात म्हणाल्या, इथे घरचं आहे कोण बघायला? दोन शब्द बोलायचे आणि सुटायचं.

"गाडी... बरी आहे," आक्का म्हणाल्या. दोनाचे तीन शब्द झाले, पण त्यापुढे गाडी सरकेना.

शेजारी बसलेल्या विहीणबाईंनी हळूच एक बटण दाबलं.

"अगंबाई!!" आक्का माइकमध्ये किंचाळल्या.

"काय झालं ताई?"

"कंबर!" सीटमधून ऊब वर येत होती आणि ती अशी नेमक्या जागी पोचली होती की आक्कांच्या डोळ्यांत पाणी आलं. "अहो, बावीस वर्षं मला इथे डावीकडे खाली ठणकतंय! दोन डॉक्टर झाले, एक मालिशवाली झाली, कुणाला ती जागा सापडली नाही. हिला न सांगता सापडली!"

टाळ्या! आक्कांना एवढ्या टाळ्या आयुष्यात कधी पडल्या नव्हत्या. आणि तुम्हाला म्हणून सांगते, माइक आणि टाळ्या एकदम मिळाल्या की भल्याभल्यांचा तोल जातो. "चालते कशी म्हणाल तर, मी घरी झोपले आणि इथे उठले! दार दोन बोटांनी उघडतं! गंज शोधायला गेलात तर चष्मा पुसून थकाल! माझा मुलगा कधीचा सांगत होता, पण मी पडले हट्टी!"

मैदान डोक्यावर घेतलं लोकांनी. आणि त्या गोंगाटात फाटकाकडून एक हॉर्न वाजला.

पोंऽऽ!

आक्कांचं बोलणं अर्ध्यावर तुटलं. तो हॉर्न त्या झोपेत ओळखत. आधी जोराची आणि मग हलकी मारली की वाजतो तो!

झालं होतं असं, की घरी आक्कांची शोधाशोध झाली. फोन केला तर तो स्वयंपाकघरात वाजला. विहीणबाई फोन उचलेनात. मुलाचा जीव उडाला. विहीणबाईंनाच जाऊन विचारावं म्हणून हाताला लागली ती तांबडी काढून तो निघाला. आणि तांबडी कुठे बंद पडावी? मैदानाच्या फाटकात, अगदी मधोमध! मेळाव्याच्या गाड्यांची गावातून फेरी निघायची होती, आणि चाळीस परदेशी गाड्यांची वाट अडवून तांबडी एकटी उभी! आत मुलगा घामाघूम होऊन चुकीच्या क्रमाने चापट्या मारतोय.

"अरे, ते देशी डबडं कुणी आणून घातलं दारात?" माइकवाला आक्कांच्या खांद्यावरून माइकमध्ये ओरडला. "ढकला रे बाजूला!"

"डबडं कुणाला म्हणतोस रे?"

आवाज इतका मोठा होता की स्पीकरने शिट्टी मारली. आक्का टोपीसकट खाली उतरल्या, माइक घट्ट धरून.

"तुम्ही सगळे ज्या सावलीत गाड्या लावून उभे आहात ना, ती बघा जरा वर! चाळीस झाडं आहेत या मैदानाला. एकेक झाड त्या डबड्याने वाहून आणलंय, पाण्याच्या पिंपांसकट! तेव्हा तुमच्या या गाड्या बोटीतसुद्धा चढल्या नव्हत्या! तुमच्या गाड्या मऊ आहेत, मी कुठे नाही म्हणते? पण सावली तिची आहे! हात लावा तिला, मग बघते!"

माइकवाल्याने वर बघितलं. सगळ्यांनी वर बघितलं.

आक्का तरातरा चालत फाटकात गेल्या. "सरक," त्या मुलाला म्हणाल्या. दार उचललं, गुडघा मारला, क्लच दाबला. एक हलकी, एक जोराची. तांबडी खोकली, थरथरली, काळ्या धुराचा एक लोट पहिल्या रांगेवर सोडला आणि सुरू झाली! आणि लोकांनी, परदेशी गाड्यांच्या त्या मालकांनी, निळीला वाजवल्या त्याच्या दुप्पट टाळ्या वाजवल्या. मागून एक म्हातारा तर डोळे पुसत म्हणाला, "माझ्याकडे होती हो अशीच!"

आक्कांची छाती दोन इंच फुगली. तांबडी वाजतगाजत घराकडे निघाली. मुलाने आक्कांच्या डोक्याकडे बघितलं. मग म्हणाला, "आई, टोपी छान आहे."

आक्कांनी टोपी काढून मांडीखाली घातली. "तू कधी आलास फाटकात?"

"'अगंबाई, कंबर'च्या थोडा आधी."

घरी फ्रिजसमोर खटला उभा राहिला. आक्कांनी बाजू मांडली: "कागदात लिहिलंय 'बसेन'. मी झोपले होते. विहीणबाईंना विचारा!"

"माइक हातात घेऊन स्टिअरिंगसमोर झोपली होतीस?" मुलगा म्हणाला.

विहीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "मला काय विचारता बाई? मालकीण त्या, मी साधी ड्रायव्हर!" आणि तिकडून हसण्याचा असा फवारा आला की सुनेने फोन कानापासून लांब धरला.

आक्का थोडा वेळ आपल्या सहीकडे बघत राहिल्या. नांगरट कशी होती, खोल! "सही केलीय ती केलीय," शेवटी त्या म्हणाल्या. "लाव पाटी." आणि बादली घेऊन त्यांनी तांबडीचे चारही टायर स्वतः धुतले. सून मदतीला गेली तर तिला हात लावू दिला नाही.

'विकणे आहे' अशी पाटी लागली. पंधरा दिवसांत मुलाची पांढरीशुभ्र परदेशी पिकअप अंगणात आली. आणि तांबडीला बघायला माणसं यायला लागली.

पहिल्याने बॉनेट उघडलं आणि फिस्सकन हसला. आक्कांनी बॉनेट बंद केलं; त्याची बोटं वाचली ती त्याच्या चपळाईने. दुसऱ्याने टायरला लाथ मारून बघितलं. "तुझ्या लग्नातही मुलीला अशीच लाथ मारून बघितली होतीस का?" आक्कांनी विचारलं, तर तो पाटीवरचा नंबर पुसून गेला. तिसऱ्याने सगळं नीट केलं, पण तिला हिरवा रंग देईन म्हणाला. त्याला तर पाणीसुद्धा विचारलं नाही.

"आई, असं कसं चालेल?" मुलगा रडकुंडीला आला. "हरकत नाही म्हणून सही केलीयस तू!"

"विकायला हरकत नाहीच माझी. माणसाला हरकत आहे!"

असे पाच महिने गेले. परवा सकाळी एक नवरा-बायको आले. भली माणसं. तांबडीला लांबून बघूनच "किती गोड आहे हो!" म्हणाली, लाथ नाही, हसणं नाही, रंगाचं नाव नाही. चापट्यांचं ऐकल्यावर बाईने हात पुढे करून विचारलं, "आधी हलकी ना?" मुलाला वाटलं, आता आईला काही बोलायला जागाच नाही! तो आक्कांना हाका मारत सुटला. खताच्या ढिगापाशी नाहीत. रोपांत नाहीत. घरात नाहीत.

सापडल्या त्या नव्या पांढऱ्या गाडीत. पुढच्या सीटवर ऐसपैस, चपला बाहेर काढून ठेवलेल्या, कमरेचं बटण चालू.

"आई! तू? हिच्यात?"

"त्यात काय झालं? अट एकदाच मोडते. आता रोज बसले तरी कागद काय करणार आहे?"

"बाहेर तांबडीला बघायला आलेत. चांगली माणसं आहेत गं!"

"बघितलं मी काचेतून. चांगलीच दिसताहेत मेली," आक्का म्हणाल्या आणि सीटमध्ये आणखी खाली सरकल्या, इतक्या की बाहेरून त्यांचा अंबाडासुद्धा दिसेना. "म्हणून तर इथे येऊन बसलेय. सांग त्यांना, मालकीण परगावी गेलीय, कधी येईल नेम नाही. आणि जाताना दार हळू लाव रे बाबा. ठोकू नकोस. हिला लागतं!"